रात्रीची गस्त, खांद्यावर बंदूक आणि स्वसंरक्षणाचा कायदा : या चुका टाळा

आठवडाभरात दोन-तीन घरफोड्या झाल्या की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. पारावर बैठक बसते, वस्तीवार पाळ्या लागतात, बॅटऱ्या आणि शिट्ट्या येतात, व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो. शहरातल्या सोसायटीत पाराऐवजी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडतात, एवढाच फरक. आणि बैठक उठायच्या बेताला आली की कुणीतरी म्हणतंच, "आप्पांकडं परवान्याची बंदूक आहे की. घेऊन यायला सांगा त्यांना."

गस्त घालायला कायद्याची मनाई नाही. पोलीस ठाणी स्वतःहून ग्रामसुरक्षा दलं उभी करायला सांगतात, पोलीस पाटील त्यात असतात. स्वसंरक्षणाचा हक्कही प्रत्येकाला आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ अशी होती. घोळ होतो तो या दोन गोष्टी एकत्र बांधल्यामुळे. हा हक्क अंगावर आलेलं संकट परतवण्यासाठी आहे. गस्तीवाला मात्र संकट शोधायला घराबाहेर पडलेला असतो, आणि हातात बंदूक असेल तर "मी शोधायला गेलो नव्हतो, माझ्यावर हल्ला झाला" हे कोर्टाला पटवणं त्याला फार जड जातं. खाली दिलेल्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

चूक : परवाना आहे म्हणजे बंदूक कुठेही, कशासाठीही चालते

शस्त्र परवाना नीट वाचलेले लोक कमीच. नूतनीकरणाच्या वेळी तो कपाटातून निघतो आणि परत कपाटात जातो. त्यावर शस्त्राचा प्रकार आणि क्रमांक असतो, किती काडतुसं बाळगता येतील ते असतं, तो जिल्ह्यापुरता आहे, राज्यापुरता आहे की देशभर चालतो हे असतं, आणि तो कोणत्या कारणासाठी दिला तेही असतं. कोकणात आणि डोंगरपट्ट्यात रानडुकरं, माकडं यांच्यामुळे पीक संरक्षणाचे परवाने बरेच आहेत; त्यावर बहुधा ठासणीची बंदूक मिळते. तो परवाना शेतातल्या पिकासाठी असतो. ती बंदूक घेऊन गावठाणात चोरांच्या मागावर फिरणं त्या कारणात बसत नाही. स्वसंरक्षणासाठी घेतलेला परवानाही त्या एका माणसाच्या जिवापुरता असतो. दलाच्या वतीनं वापरायचं हत्यार म्हणून तो कुणाला मिळालेला नसतो.

शस्त्र नियम २०१६ मध्ये सार्वजनिक जागी बंदूक नेण्याविषयी स्पष्ट बंधनं आहेत. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये, लांब बंदूक तिच्या खोळीत, पूर्ण झाकलेली आणि कायम आपल्या ताब्यात असली पाहिजे. ती उगारणं किंवा दाखवून फिरणं, हवेत बार काढणं, यातल्या कशानंही परवाना जाऊ शकतो. म्हणजे गस्तीवर बंदूक जशी नेली जाते, उघडी, खांद्यावर, लोकांना दिसेल अशी, नेमकी तशीच न्यायची नाही. "नुसता धाक म्हणून" हे उत्तर तर स्वतःच कबुली आहे. दुसऱ्याला धाक दाखवायला म्हणून परवाना दिला जात नाही.

हवेतल्या गोळीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती निरुपद्रवी समजली जाते. शस्त्र अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून बेफिकिरीनं किंवा हयगयीनं गोळीबार करून इतरांच्या जिवाला धोका केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरतूद मुख्यतः लग्न-मिरवणुकीतल्या बारांसाठी आणली, तरी वर गेलेली गोळी खाली कुठेतरी येतेच.

सगळ्यात सहज घडणारी चूक वेगळीच. रात्री दीडच्या सुमाराला आप्पांना झोप येते. "धर रे जरा, मी चहा घेऊन येतो," म्हणून बंदूक पुतण्याच्या हातात जाते आणि आप्पा घरी. पुतण्याच्या नावावर परवाना नाही. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा याच दुरुस्तीनं किमान दोन आणि कमाल पाच वर्षं झाली आहे, आणि परवाना नसलेल्याच्या ताब्यात शस्त्र देणारा आप्पाही गुन्ह्यात येतो. बंदूक पाळीपाळीनं फिरवायची वस्तू नाही, हे गस्तीच्या पहिल्या बैठकीतच सांगून टाकावं.

जाता जाता, छऱ्याच्या एअरगनबद्दल. ठरावीक ताकदीच्या आणि ०.१७७ बोअरपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, हे खरं. पण त्या छऱ्यानं डोळा जातो, आणि डोळा गेला की कायद्याच्या भाषेत ती जबर दुखापत. अंधारात समोरच्याला ती खरी बंदूकच वाटणार, हाही धोका आहेच.

चूक : पळणाऱ्यावर गोळी

विहिरीवरची मोटार, स्टार्टर, तांब्याची केबल. रात्री चोरीला जाणाऱ्या वस्तूंत यांचा नंबर वरचा, आणि शेतकऱ्याचं रक्त इथेच सर्वांत लवकर उसळतं. समजा गस्तीवाले बांधावरून येतात आणि बॅटरीच्या उजेडात तिघं दिसतात. एकाच्या खांद्यावर केबलचं वेटोळं, एकाच्या हातात पान्हा. आरडाओरडा होतो. केबल टाकून तिघंही उसात शिरतात. पंचवीस-तीस पावलांवर त्यांची पाठ दिसते आहे. याच वेळी मागून कुणीतरी ओरडतं, "मार, मार, सुटला!"

त्या क्षणी तुमचा हक्क संपलेला आहे. कलम ४० प्रमाणे शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. मालाबाबत कलम ४३ सांगतं : चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत. केबल खाली पडली, माल मिळाला. पाठ फिरली, धोका गेला. यानंतर सुटलेली गोळी बचावाची राहत नाही, ती शिक्षेची होते, आणि शिक्षा देण्याचा अधिकार गस्तीला नाही. पंजाबातल्या जयदेव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली हेच स्पष्ट केलं : समोरचे पळू लागले, धोका ओसरला, की बचावाचा हक्कही तिथेच संपतो.

आणि केबल टाकली नसती तर? ती घेऊनच पळाला असता तर? हक्क चालू असतो, पण त्याची मर्यादा तोकडी असते. साध्या चोरीत मृत्यू घडवण्याचा हक्कच नाही. अडवता येतं, हिसकावून घेता येतं, झटापटीत गरजेपुरतं मारताही येतं. मालमत्तेच्या बचावात जीव घेण्यापर्यंत हक्क जातो तो कलम ४१ मधल्या चार प्रसंगांतच. जबरी चोरी. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी. माणसं राहतात किंवा माल ठेवला जातो अशा इमारतीला वा तंबूला आग लावणं किंवा ती स्फोटकानं उडवणं. आणि अशी चोरी, नासधूस किंवा गृहअतिक्रमण, जिथे आपण आवरलं नाही तर जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती आहे. चौथ्या प्रसंगात वजन त्या भीतीला आहे. तोच केबलचोर वळून पान्हा घेऊन अंगावर आला, तर चित्र क्षणात बदलतं.

माझ्या मते गस्तीच्या गटांना कायद्यातलं एकच काही शिकवायला वेळ असेल तर हे शिकवावं : हक्काला सुरुवात आहे तसा शेवट आहे, आणि तो शेवट आपल्याला वाटतो त्याच्या बराच आधी येतो.

शेताच्या तारेत करंट सोडून झोपणाऱ्यांचाही हिशेब याच कलमांनी होतो. तार माणूस ओळखत नाही. चोर, शेजारी, लपाछपी खेळणारं पोर, सगळे तिला सारखेच. तिथे कुणी मेलं तर "बचाव" शब्द उच्चारायलाही जागा उरत नाही.

चूक : "घरात शिरला की काहीही करता येतं"

रात्रीच्या घरफोडीचा उल्लेख कलमात आहे, म्हणून हा समज पसरला. पण घरफोडी म्हणजे कडी-कुलूप तोडून, खिडकीतून, भिंत फोडून अशा मार्गानं शिरणं. उघड्या फाटकातून अंगणात आलेला, व्हरांड्यात झोपलेला, दारू पिऊन चुकीच्या जिन्यावर चढलेला माणूस त्यात येत नाही. शिवाय कलम ४१ एकटं वाचायचं नसतं, त्यावर कलम ३७ ची वेसण आहे : बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. रात्री घर फोडून आत आलेला माणूस हात वर करून कोपऱ्यात उभा असेल, तर त्याला मारण्याची गरज उरलेली नसते.

याचा अर्थ घाबरून मार खात बसायचं असा नाही. कायद्याला पळपुटेपणा अपेक्षित नाही, हे न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे. अंगावर आलेल्या माणसाला मोजून-मापून मारा असंही कुणी म्हणत नाही. सोन्याच्या काट्यावर तोलू नये, हा विचार निकालपत्रांत पुन्हा पुन्हा येतो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा २०१० चा निकाल वाचण्यासारखा आहे. शेताच्या वादात वडिलांवर धारदार हत्यारानं वार होताना मुलानं परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. खालच्या कोर्टात सुटका, उच्च न्यायालयात शिक्षा, सर्वोच्च न्यायालयात पुन्हा सुटका. तिथे वार चालू होता, हा मुद्दा निर्णायक ठरला. घटना १९९१ ची आहे, हेही ध्यानात घ्या. निर्दोष सुटलेल्या माणसाला त्यासाठी जवळपास १९ वर्षं थांबावं लागलं.

शरीराच्या बचावात समोरच्याचा मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क कधी जातो, ते कलम ३८ मध्ये आहे : मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेसाठी पोलिसांकडे जाता येणार नाही अशा रीतीनं डांबून ठेवणं, आणि ॲसिडहल्ला. दुसऱ्याच्या बचावासाठीही हा हक्क वापरता येतो. शेजारणीच्या किंकाळीला धावून जाणारा यातच येतो, आणि गस्तीचा खरा उपयोग तिथेच आहे.

चूक : बंदूक नको, मग कोयते घ्या

बंदुकीला परवाना लागतो हे सर्वांना माहीत असतं, पण काठी-कोयत्यालाही कायदा आहे हे फारसं नसतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतो. त्यात बंदुका, तलवारी, भाले यांच्यासोबत सोटे, लाठ्या, सुरे बाळगायलाही बंदी असते. हे आदेश १५-१५ दिवसांचे असतात आणि सणासुदीला, निवडणुकीला, तणावाच्या काळात कित्येक जिल्ह्यांत एकामागून एक निघत राहतात. तुमच्या गस्तीच्या रात्री असा आदेश लागू आहे की नाही, हे ठाण्यात एका फोनवर कळतं. निवडणुकीत परवान्याची शस्त्रं जमा करायला सांगतात, तेव्हाही "आमचं दल आहे" ही सबब चालत नाही.

कोयता शेतीचं अवजार म्हणून शस्त्र अधिनियमाच्या कचाट्यातून सुटतो. रात्री दोन वाजता दहा जण रस्त्यावर कोयते घेऊन उभे असतील, तर ऊसतोडीला निघालो होतो असं सांगून बघा.

दहा जणांचा मुद्दा आलाच आहे तर तोही इथेच. पाच किंवा जास्त माणसं बेकायदा हेतूनं जमली की तो बेकायदेशीर जमाव (न्याय संहितेचं कलम १८९), आणि त्या हेतूसाठी एकानं केलेला गुन्हा सगळ्यांच्या माथी येतो (कलम १९०). "मी फक्त बॅटरी धरली होती" असं म्हणणारे आरोपी प्रत्येक खटल्यात असतात. बॅटरी धरणाऱ्याला घरी जायची संधी असते, तीही पहिला फटका पडण्याआधी.

चूक : पकडला, खांबाला बांधला, सकाळी बघू

सामान्य माणसालाही अटक करता येते, हे खरं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तो अधिकार देतं, पण अटी आहेत. गुन्हा तुमच्या समोर घडलेला हवा, तो दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) हवा, किंवा तो माणूस न्यायालयानं फरारी घोषित केलेला हवा. विनाकारण वेळ न लावता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. ही सहा तासांची मुदत नव्या संहितेनं आणली. जुन्या कायद्यात नुसतं "विनाविलंब" होतं.

आता यातली मेख बघा. नव्या व्यवस्थेत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. कोंबडी, पितळी नळ, जुनी बॅटरी नेणाऱ्याला तुम्ही "अटक" करू शकत नाही. माल परत घ्या, नाव-गाव विचारा, ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवा. आणि अनोळखी असणं, रात्री फिरणं, विचारल्यावर नीट उत्तर न देणं हा तर गुन्हाच नाही. अशा माणसाला घेरून उभं केलं तर अन्यायानं अडवल्याचा, खोलीत कोंडलं तर डांबून ठेवल्याचा गुन्हा तुमच्यावर लागतो. मारलं तर दुखापतीचा, शिवाय कुणीतरी काढलेला व्हिडिओ पुराव्याला तयार असतोच. पकडलेल्याला पोलीस येईपर्यंत बसवून ठेवणं, पाणी देणं आणि त्याच्यावर कुणी हात टाकणार नाही हे बघणं, हे गस्तीच्या म्होरक्याचं काम.

चूक : ग्रुपवर आलं म्हणून खरं

महाराष्ट्रानं याची किंमत मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसं ती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असे तिघं जमावाच्या हातून मारले गेले. तिथे चोर फिरत असल्याची अफवा होती आणि लोक रात्री पहारा देत होते. पोलीस पोचले, तरी जमाव थांबला नाही. शंभराहून जास्त लोकांना अटक झाली. त्यांतले कित्येक जण त्या संध्याकाळी केवळ पाळी होती म्हणून घराबाहेर पडलेले असणार.

राईनपाड्याच्या घटनेनंतर दोन-अडीच आठवड्यांतच सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळीबाबत निर्देश दिले, आणि आता न्याय संहितेत कलम १०३(२) आहे : पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान, लिंग, श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. "परप्रांतीय दिसतोय", "त्या समाजाचा वाटतोय" ही गस्तीतली सवयीची वाक्यं या कलमाच्या फार जवळून जातात.

म्हणून ग्रुपला एक शिस्त लावा. स्वतः पाहिलं तेवढंच लिहायचं, ठिकाण आणि वेळेसह. फॉरवर्ड नाही, फोटोवर "हाच तो" नाही. आणि ॲडमिननं एकट्यानं ठाण्याशी बोलायचं.

साध्या वेशातल्या पोलिसांबाबतही सावध राहा. कामावर असलेल्या पोलिसाच्या चांगल्या हेतूनं केलेल्या कृतीविरुद्ध, जोवर मृत्यूची किंवा जबर दुखापतीची भीती नाही, तोवर बचावाचा हक्क नाही, जरी ती कृती नियमात चोख बसत नसली तरी. तो पोलीस आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि तसं मानायला काही कारणही नव्हतं, तर गोष्ट वेगळी. त्यासाठीच आधी ओळखपत्र मागा, ठाण्याला फोन लावा.

चूक : अमेरिकेचा कायदा इथे लावणं

व्हिडिओ बघून आलेलं ज्ञान हल्ली बैठकीत फार असतं. तिकडच्या कित्येक राज्यांत घरात घुसणाऱ्याविरुद्ध घरमालकाला मोकळा हात आहे, आणि फ्लोरिडानं २००५ साली माघार न घेता उभं राहण्याचा कायदा केला. तिथलीच २०१२ ची सॅनफर्डची घटना जगभर गाजली. वसाहतीच्या पहाऱ्यातल्या एका स्वयंसेवकानं निःशस्त्र १७ वर्षांच्या मुलाचा पाठलाग केला आणि झटापटीत त्याच्यावर गोळी झाडली. फोनवरच्या पोलीस कर्मचाऱ्यानं, मागे जायची गरज नाही, असं सांगितलं होतं. २०१३ मध्ये ज्युरीनं त्या स्वयंसेवकाला निर्दोष ठरवलं, त्यावरून देश ढवळून निघाला. गंमत अशी की तिथल्या शेरीफ संघटनेनं १९७२ पासून चालवलेल्या शेजार-पहारा उपक्रमाची शिकवणसुद्धा हीच : बघा, कळवा, हत्यार बाळगू नका, पाठलाग करू नका.

आणि घडलंच तर

कितीही टाळलं तरी एखाद्या रात्री खरंच हल्ला होतो, आणि बचावात कुणी जखमी होतं किंवा मरतं. त्यानंतरच्या पहिल्या तासातल्या चुका पुढे वर्षानुवर्षं नडतात.

सर्वांत आधी ११२, आणि जखमी कोणीही असो, रुग्णवाहिका. चोराला तडफडत ठेवून गाव जमवणाऱ्याच्या "चांगल्या हेतूवर" कोर्ट कसं विश्वास ठेवेल? जागा हलवू नका, रक्त धुऊ नका, काडतुसाचं टरफल उचलू नका, समोरच्याच्या हातात कोयता "ठेवू" तर मुळीच नका. बंदूक रिकामी करून बाजूला ठेवा. पोलीस आले की परवान्यासह हवाली करा. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, त्याची प्रत त्याच दिवशी मागा.

स्वतःच्या जखमा लपवू नका. खरचटलं असेल तरी सरकारी दवाखान्यात तपासणी करून नोंद घ्या. आरोपीच्या अंगावरच्या जखमा कशा झाल्या, याचं उत्तर सरकार पक्षाला द्यावं लागतं, आणि बचावाचा पक्ष बऱ्याचदा तिथेच उभा राहतो. जे घडलं ते थोडक्यात आणि खरं सांगा, सविस्तर जबाबाआधी वकील गाठा. गावानं बसून एकच गोष्ट रचली की ती उलटतपासणीत फाटतेच. बचाव होता हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो सरकार पक्षाइतका कडक नसतो. आपलं म्हणणं संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं. मुन्शी राम खटल्यात, १९६७ साली, सर्वोच्च न्यायालयानं असंही सांगितलं की आरोपीनं बचावाचा मुद्दा शब्दांत मांडला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर कोर्ट विचारात घेऊ शकतं.

हक्क होता पण हात जास्त चालला, असं ठरलं तर? ते चांगल्या हेतूनं, आधी ठरवून न करता घडलं असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, कलम १०५. तिथेही शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे फार दिलासा मानू नये.

गस्तीला निघताना काय न्यावं, हा प्रश्न उरतो. मोठ्या झोताची बॅटरी, शिट्टी, चार्ज केलेला फोन, ठाण्यात नोंद झालेली पाळीची यादी, सहज ओळखू येईल असं जाकीट. एकट्यानं नाही, तिघंचौघं सोबत. दारू प्यायलेल्याला परत पाठवा. आप्पांची बंदूक कपाटात, काडतुसं वेगळ्या जागी, दोन्ही कुलुपात.